पेरॉलचा शिक्का

धुकं उतरलं की आमचं पेरॉल गाव डोंगरावरून उठून कुठेतरी निघून जातं, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. आधी चर्चचा मनोरा जातो, मग ज्योझेतचं दुकान, मग गोठे, आणि शेवटी आपल्याच हाताची बोटं तेवढी उरतात. गोठ्यांतून गायींचं हंबरणं ऐकू येतं, पण ते कुठल्या बाजूने येतंय हे कुणी सांगू शकत नाही. अशाच एका फेब्रुवारीतल्या सकाळी टपालवाली नादेज तिची पिवळी गाडी घेऊन धुक्यातून बाहेर आली आणि पॅरिसहून आलेला जाडसर लिफाफा माझ्या टेबलावर टाकून म्हणाली, "घ्या सोलांजबाई. आता महिनाभर तुमच्या सरपंचाला मोठमोठे लोक नमस्कार करणार."

आमच्या देशात राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचं तर आधी पाचशे निवडून आलेल्या माणसांच्या सह्या आणाव्या लागतात. त्यात मोठी माणसं असतात तसे आमच्या फिर्मां देलरियूंसारखे सरपंचही असतात, ज्यांच्या गावात माणसं त्र्याऐंशी आणि गायी चारशे. सही एकदाच करता येते, एकालाच देता येते, दिलेली परत घेता येत नाही. आणि कुणी कुणाला दिली ते मंगळवारी आणि शुक्रवारी जाहीर होतं, सगळ्या देशाला वाचायला मिळतं. कागदावर सरपंचाची सही लागते आणि गावाचा शिक्का लागतो. शिक्का माझ्या खणात असतो.

मी कचेरीत आठवड्यातून दोन सकाळी काम करते. त्याआधी मी याच इमारतीत स्वयंपाक करायची, कारण तेव्हा ही शाळा होती. अकरा मुलं आणि एक मास्तरीण. दुपारी बटाटे आणि चीज घोटून मी मोठी कढई भरायची आणि मुलं ती कढई खरवडून खायची. शाळा बंद झाली तेव्हा फिर्मांनी मला टाइप करायला शिकवलं, म्हणजे स्वतःला येत नव्हतं म्हणून पुस्तक आणून दिलं. त्यांचे उपकार मी विसरले नाही. शाळा कुणी बंद केली तेही विसरले नाही.

त्या बाईचं नाव आन्येस कास्तां. तेव्हा ती शिक्षण खात्याची निरीक्षक होती. जानेवारीत, गुडघाभर बर्फात, बूट हातात घेऊन ती वर्गात आली आणि सगळ्या गावासमोर उभी राहून म्हणाली, "जूनमध्ये तुमची शाळा बंद होणार आहे. मी ती वाचवायचा प्रयत्न केला, मी हरले. मला सांगितलंय की तुम्हाला म्हणायचं, विचार चालू आहे. विचार चालू नाही. मुलांची सोय आत्ताच बघा." एवढं बोलून तिने बूट घातले. कुणी तिला दारापर्यंत सोडायलाही गेलं नाही. पुढे तिची नोकरी गेली असं कानावर आलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आणि नऊ वर्षांनी तीच बाई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहायला निघाली होती! पक्ष नाही, पाठीशी कुणी नाही, एक जुनी गाडी आणि ती चालवणारी तिची बहीण. ज्योझेतच्या दुकानात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आधी आमची शाळा बंद केली, आता देश बंद करणार," ज्योझेत म्हणाली. आमच्या गावात पाव, कॉफी आणि निंदानालस्ती एकाच काउंटरवर मिळते, आणि तिन्ही ज्योझेतच विकते.

पण गावाला खरी काळजी होती ती रस्त्याची. ऑक्टोबरमध्ये गावाखालचा रस्ता दरीत कोसळला होता. तेव्हापासून खाली जायचं तर डोंगराला वळसा, चाळीस मिनिटं जास्त. पाव अकराला यायचा. म्हातारा गास्तों आजारी पडला तेव्हा दवाखान्याची गाडी यायला एवढा वेळ लागला की त्याच्या मुलीने रस्त्याच्या दिशेने पाहून रडून घेतलं. गास्तों वाचला, पण गाव घाबरलं ते घाबरलंच.

म्हणूनच जिल्हा परिषदेचे रुशेसाहेब आले तेव्हा मी चांगले कप काढले. त्यांनी खिडकीतून धुक्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "रस्त्याचं बघायला हवं बुवा. वसंतात काम सुरू करता येईल, यादीत बरीच गावं आहेत." मग कपात साखर ढवळत त्यांनी विचारलं, "आमच्या उमेदवाराचा विचार केलाय ना, फिर्मां?"

"अजून करतोय," फिर्मां म्हणाले.

"करा, करा. यादी मार्चमध्ये पक्की होते."

बस, एवढंच. कुणी कुणाला काही दिलं नाही, कुणी काही मागितलं नाही. ते गेल्यावर मी म्हटलं, "सरपंच, लगेच सही करून टाका. मी शिक्का काढते."

फिर्मां रिकामे कप गोळा करू लागले. ते एकाहत्तर वर्षांचे, विधुर, अंगाला कायम दुधाचा आणि गवताचा वास, आणि बोलायच्या आधी एवढा वेळ घेतात की अनोळखी माणसाला वाटतं यांना ऐकू आलं नाही. ऐकू त्यांना सगळं येतं.

कास्तांबाई पुढच्या गुरुवारी आली. वळसा घालून, धुक्यातून, एकटीच; बहिणीला ताप होता. केस पांढरे झाले होते, कोट मात्र तोच असावा. मी तिला कॉफी दिली आणि मुद्दाम गरम केली नाही. ती प्यायली, आणि "छान आहे" असं काही म्हणाली नाही. हे मला तेव्हा खटकलं होतं. आता वाटतं, ती दुसरं काय म्हणणार होती?

फिर्मां तिला जुन्या वर्गात घेऊन गेले. तिथे अजून देशाचा नकाशा भिंतीवर आहे आणि मुलांची बाकं आहेत, कारण ती टाकायला कुणाचा हात धजत नाही. दोघं त्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मी दार अर्धं उघडं ठेवलं. कचेरीत मी ऐकायचं नाही तर कुणी ऐकायचं?

"रस्ता कोसळलाय तुमचा," ती म्हणाली.

"हो."

"मी निवडून आले असते तर काहीतरी केलं असतं. पण मी निवडून येणार नाही. तुम्ही सही दिलीत तर रस्ता लांबेल, बहुतेक."

"बहुतेक."

"मग मी सही मागायला आले हे चुकलंच माझं."

खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की वर्ग पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता. मला क्षणभर वाटलं, मागच्या बाकांवर मुलं बसलीयत आणि श्वास रोखून ऐकतायत.

"मग उभ्या कशाला राहताय?" फिर्मांनी विचारलं.

"खोटं न बोलता एवढ्या लांब जाता येतं का, ते बघायचंय," ती म्हणाली. "जाता येत नाही असं दिसलं तर तेही लोकांना सांगेन."

तिने कोट घातला, माझ्याकडे पाहून मान लववली आणि गेली. गाडीचे दिवे दहा पावलांवर विझल्यासारखे झाले.

फिर्मां वर्गातच बसून राहिले. मग त्यांनी मला लिफाफा आणायला सांगितला. त्याच बुटक्या बाकावर, खिशातल्या पेनने, सावकाश, शाळेत पहिल्यांदा नाव लिहिणाऱ्या मुलासारखं त्यांनी आन्येस कास्तां असं लिहिलं. खाली सही केली.

"सरपंच, अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? गास्तोंच्या मुलीला काय सांगणार? गावाला काय तोंड दाखवणार?"

"सोलांज," ते म्हणाले, "या खोलीत नऊ वर्षांत मला वीस माणसांनी वचनं दिली. डॉक्टर येणार, मोबाइलचा टॉवर येणार, शाळा परत येणार. खरं एकीनेच सांगितलं. माझ्याकडे द्यायला एकच सही आहे. ती मी खोटं बोलणाऱ्याला दिली, तर रस्ता झाल्यावर त्या रस्त्याने मी रोज कसा जाऊ?"

आणि त्यांनी कागद लिफाफ्यात घातला, कड जिभेने ओली केली, दाबून बंद केली, आणि लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात ठेवून निघून गेले. नादेज गावातच राहते, सकाळी ती कामाला निघाली की तिच्या हातात देणार होते.

शिक्का मारला नव्हता.

फिर्मांनी कधीच शिक्का मारलेला नाही. नऊ वर्षं ते सही करतात आणि कागद माझ्याकडे सरकवतात, शिक्का मी मारते. जन्मदाखला असो की डुक्कर कापायचा परवाना, सही त्यांची आणि शिक्का माझा. शिक्का ही वेगळी गोष्ट आहे हेच ते विसरून गेले होते. आणि बिनशिक्क्याचा कागद पॅरिसला बाद होतो. नाव यादीत येणार नाही, दुसऱ्याच कुणाला सही दिली हे रुशेंना कळणार नाही, रस्त्याची आशा राहील, आणि फिर्मांना वाटत राहील की आपण आपलं काम केलं. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

मी गप्प घरी गेले, सूप प्यायले आणि खुर्चीतच माझा डोळा लागला. भर दुपार होती, पण धुक्यात दुपार आणि पहाट सारखीच दिसते.

स्वप्नात मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. अकराही मुलं ताटं घेऊन उभी होती, माझा मुलगा रेमीसुद्धा, समोरचे दोन दात पडलेला. कढईतून कितीही वाढलं तरी ती रिकामी होत नव्हती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी रडत होते. मग दारात ती उभी राहिली, बूट हातात, खांद्यावर बर्फ. मी पळी उगारून तिला म्हटलं, "एक दिवस खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?" ती म्हणाली, "माझं नाही, रेमीचं." मुलं खातच होती. बर्फ वितळून तिच्या पायांशी पाणी साचत होतं आणि ते पाणी हळूहळू माझ्या चपलांपर्यंत आलं.

जागी झाले तर पाय गार पडले होते. आणि नऊ वर्षांत जे आठवायचं मी टाळत होते ते समोर येऊन बसलं होतं. तिने जानेवारीत सांगितलं म्हणून मी फेब्रुवारीत खाली ओरियाक शहरात जाऊन रेमीसाठी वसतिगृहातली शेवटची जागा मिळवली होती. डोंगराच्या पलीकडच्या गावात दुसरा साहेब गेला होता. त्याने "विचार चालू आहे" असं सांगितलं होतं. तिथल्या लोकांना शाळा बंद झाल्याचं ऑगस्टमध्ये कळलं, आणि त्या वर्षी तिथली चार घरं गाव सोडून गेली. रेमी आज सुतार आहे, रविवारी जेवायला येतो. मी त्या बाईला गरम कॉफीसुद्धा दिली नव्हती. मला माझी लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

पण लाज वाटली म्हणून मी लगेच उठून गेले असं समजू नका. मी तशी नाही. संध्याकाळभर मी स्वतःशी भांडले, रस्ता, गास्तों, ज्योझेत, सगळ्यांना माझ्या बाजूने उभं केलं. सकाळी सहाला मात्र कोटाच्या एका खिशात शिक्का आणि दुसऱ्यात शाईची डबी घेऊन मी धुक्यात चालत होते. गोठा सापडला तो वासावरून.

फिर्मां दूध काढत होते. "नादेज येऊन गेली?" मी विचारलं.

"नाही अजून. का गं?"

"शिक्का राहिलाय."

त्यांचे हात थांबले. गायीने मान वळवून पाहिलं.

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

"तुम्ही लिफाफा बंद करत होता तेव्हा."

त्यांनी दुधाची बादली बाजूला सरकवली. चिडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "म्हणजे एक रात्र झोपलीस."

"झोपले कुठे," मी म्हटलं. "दुपारीच काय ती झोपले."

फिर्मां हसले. त्यांनी दुधाची भांडी विसळायचं उकळतं पाणी आणलं आणि आम्ही दोघांनी त्या वाफेवर लिफाफा धरला. कड सुटली. एक रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर कागद ठेवला आणि मी शिक्का मारला. जरा तिरका बसला. बाहेर नादेजचा भोंगा वाजला तेव्हा फिर्मां लिफाफ्याला गोंद म्हणून गव्हाच्या पिठाची खळ लावत होते.

"पॅरिसला काय पाठवताय, पॅनकेक?" नादेज म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी नाव जाहीर झालं. देलरियू, सरपंच, पेरॉल. ज्योझेतने फिर्मांच्या कॉफीसोबत बिस्कीट ठेवणं बंद केलं. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

"शाळा खाऊन झाली, आता रस्ताही खाल्ला तिने," ज्योझेत सगळ्यांसमोर म्हणाली, "आणि वाढपी कोण, तर आपला फिर्मां! तू म्हातारा झालास रे."

"झालो खरा," फिर्मां म्हणाले आणि बिस्किटाशिवाय कॉफी प्यायले. गास्तोंची मुलगी त्यांना पाहून रस्ता ओलांडायची. ते मला सहन व्हायचं नाही, त्यांना कसं होत होतं कोण जाणे. मार्चची यादी आली तेव्हा तिच्यात आमचा रस्ता नव्हता.

आणि कास्तांबाईच्या सह्या भरल्या चारशे अठ्ठ्याहत्तर. बावीस कमी. तिने कचेरीत फोन केला, मीच उचलला.

"नाही झालं," ती म्हणाली. "तुमच्या सरपंचांना स्वतः सांगायचं होतं."

"ते गोठ्यात आहेत," मी म्हटलं. मग धीर करून बोलले, "बाई, त्या दिवशी कॉफी गार होती."

"हो, गारच होती," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले.

फिर्मांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त टोपी काढून परत घातली. "गावाचा रस्ता गेला आणि तिचंही झालं नाही," ते म्हणाले. "गाव आता मला परत विचारणार नाही, सोलांज. तेही बरोबरच आहे." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

एप्रिलमधल्या रविवारी मतदान झालं, जुन्या वर्गातच. धुकं गेलं होतं, उन्हात नकाशाचे रंग किती उडालेत ते दिसत होतं. टेबलावर बारा उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्यांचे बारा गठ्ठे. त्यातली एक निळ्या लिफाफ्यात घालून पेटीत टाकायची. हाताने लिहिलेली चिठ्ठी चालत नाही, ती बाद.

संध्याकाळी सातला पेटी उघडली. लिफाफे अठ्ठावन्न. अर्धं गाव बाकांवर बसून ऐकत होतं. ज्योझेत लिफाफे उघडून नावं वाचत होती, कारण तिच्याइतका मोठा आवाज कुणाचाच नाही, आणि मी रेघा मारत होते. सोळाव्या लिफाफ्याला ती थांबली.

"हाताने लिहिलंय," ती म्हणाली. "आन्येस कास्तां. बाद."

सगळ्यांनी फिर्मांकडे पाहिलं.

"माझी नाही," ते म्हणाले. "मी बारातल्याच एकाला दिलं. बाद होणारं मत सरपंचाने टाकू नये."

ते खरंच बोलत होते, मला माहीत होतं. ती चिठ्ठी माझी होती.

चोविसावा लिफाफा. आन्येस कास्तां, पेन्सिलीने. बाद. मी मान वर केली. एकतिसावा. टपालाच्या पिवळ्या पावतीच्या मागे. बाद. दाराशी उभी असलेली नादेज छताकडे पाहत होती. मग आणखी एक, आणखी एक. सहाव्या चिठ्ठीवरचं अक्षर कापरं होतं, म्हाताऱ्या माणसाचं. गास्तोंच्या मुलीने वडिलांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. सातवी होती तपकिरी कागदाची, पावाच्या पिशवीतून फाडलेली. तसल्या पिशव्या गावात एकाच दुकानात मिळतात.

ज्योझेतने ती सरळ धरली आणि खिडक्या हलतील अशा आवाजात वाचली, "आन्येस कास्तां. बाद!" मग फिर्मांकडे न बघता म्हणाली, "बघतोस काय? मोजा पुढे."

कायदा असा आहे की बाद चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत. प्रत्येकीवर सरपंचाने सही करायची आणि त्या अहवालाला जोडून वर पाठवायच्या. लोक घरी गेले नाहीत, बसून राहिले. मी सात चिठ्ठ्या फिर्मांसमोर ओळीने मांडल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि एकेका नावाखाली सावकाश सही केली. देशाने त्यांना एक सही दिली होती. गावाने आणखी सात करायला लावल्या.

शेवटची सही झाल्यावर त्यांनी चिठ्ठ्या माझ्याकडे सरकवल्या, पण हात त्यांच्यावरून उचलला नाही.

"शिक्का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं आणि खण उघडला.